राजपुत्राचं काजळ

लंडनच्या नदीकाठच्या त्या नाटकघरात डॉर्कस कपडे धुवायची, फाटलेले सांधायची, आणि ज्या दिवशी काळ्या राजपुत्राचा खेळ असेल त्या दिवशी गोऱ्या नटांना काळं करून द्यायची. हे शेवटचं काम तिच्या गळ्यात कसं पडलं ते कुणी नीट सांगू शकलं नसतं. मालक एकदा सहज म्हणाले, "हिला जमेल की," आणि तिथे बसलेले सगळे हसले. डॉर्कसही हसली. काळं असण्यात तिचं काही कसब नव्हतं, ती जन्मलीच तशी होती. पण हिवाळ्यात गार पाण्यात चादरी पिळण्यापेक्षा शेगडीजवळ बसून बूच जाळणं केव्हाही बरं, म्हणून तिने ते घेतलं.

जळलेलं बूच खलात बारीक करायचं आणि पातळ बिअरमध्ये कालवायचं. चेहरा, मान, हात कोपरापर्यंत. खेळ संपला की दाराशी घंगाळात कोमट पाणी ठेवलेलं असायचं. नट ओळीने तोंडं धुवायचे आणि पाच मिनिटांत पुन्हा गोरेपान होऊन दारू प्यायला जायचे. पाणी काळं व्हायचं. ते गटारात ओतायचं कामही डॉर्कसचंच.

नाटक तेव्हा जोरात चाललं होतं. आफ्रिकेतल्या एका राजाचा मुलगा, त्याला दगा देऊन जहाजावर चढवतात, बेटावर नेऊन बाजारात उभा करतात. सोबत पोत्याच्या कापडातले सहा गुलाम, ते साखळ्या वाजवण्यापुरते. व्यापारी म्हणतो, गुडघे टेक. राजपुत्र टेकत नाही. तो छाती पुढे काढून एक लांबलचक भाषण करतो, की देह विकत घेता येतो, मान घेता येत नाही, वगैरे. इथे बायका रुमाल काढायच्या. पुरुष खोकायचे, कारण पुरुषांनी रडायचं नसतं. शेवटच्या अंकात राजपुत्र स्वतःच्या छातीत तलवार खुपसून घ्यायचा आणि माडीवरून संत्री विकणाऱ्या पोरीसुद्धा हुंदके द्यायच्या.

डॉर्कसला ते नाटक मुळीच आवडायचं नाही. ती पडद्याआडून पाहायची, कारण दोन अंकांच्या मध्ये राजपुत्राच्या घामाने ओघळलेला रंग सावरावा लागे. पण भाषण सुरू झालं की ती खाली बघून सुईत दोरा ओवायची. तिच्या मते ते सगळं थोतांड होतं. जहाज तिने पाहिलं होतं. तिथे कुणी भाषण केलं नव्हतं.

तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. त्यापूर्वीचं नाव तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही, म्हणून आपल्यालाही ते ठाऊक नाही. कॅप्टन बार्लोने तिला लंडनला आणून बायकोला भेट दिली आणि बाईंनी तिचं नाव ठेवलं जूनो. गळ्यात चांदीची पट्टी घातली, तीवर कॅप्टनचं नाव कोरलेलं. घरातल्या कुत्र्याच्या गळ्यातही अशीच पट्टी होती, फक्त पितळेची. बाईंच्या मैत्रिणी आल्या की जूनोने पंखा धरून उभं राहायचं, म्हणजे बाई जास्त गोऱ्या दिसत. चौदाव्या वर्षी तिची उंची बाईंपेक्षा वाढली, ती भेटवस्तूसारखी दिसेना, आणि घरात तिला उसाच्या मळ्यांच्या बेटावर धाडायच्या गोष्टी सुरू झाल्या. एका सकाळी ती टोपली घेऊन कोबी आणायला बाहेर पडली ती परत गेलीच नाही. नदीपलीकडच्या एका लोहाराने पट्टी कापून दिली आणि चांदी स्वतःला ठेवली. सौदा दोघांनाही परवडला.

मग तिने बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा झालेल्या माणसाला गुलाम ठेवता येत नाही, असं तिला मासळीबाजारातल्या एका बाईने छातीठोकपणे सांगितलं होतं. पाद्रीबुवांनी डोक्यावर पाणी शिंपडलं, नाव डॉर्कस ठेवलं आणि म्हणाले, "मुली, आज तुझा आत्मा मुक्त झाला."

"आणि बाकीची मी?" तिने विचारलं.

पाद्रीबुवा भले गृहस्थ होते. त्यांनी घसा साफ केला. "त्याबद्दल विद्वानांचं एकमत नाही," ते म्हणाले.

त्या एकमताची वाट न बघता ती कामाला लागली. आधी एका खाणावळीत, मग नाटकघरात. पंधराएक वर्षं गेली. आता ती तिशीची, उंच, हाडापेराने मोठी बाई होती. रविवारी चर्चमध्ये तिची ठरलेली जागा होती, मागच्या बाकावर, खांबाशेजारी. ज्याला आपण आयुष्य म्हणतो ते सगळं तिला मिळालं होतं. गळ्यावर मात्र हात न्यायची सवय गेली नव्हती.

तो मंगळवार होता. दुपारचा खेळ. डॉर्कस धुण्याच्या खोलीत बूच जाळत होती आणि दारवान हम्फ्री धापा टाकत आत आला. हम्फ्री म्हणजे नाटकघराचं तोंड. तिकिटं घेणं, दंगेखोरांना बाहेर काढणं आणि उरलेला वेळ बडबड करणं ही त्याची कामं.

"डॉर्कस, माझं थोबाड फोड," तो म्हणाला.

"का? कुठे काय सांडलंस?"

"सांडलं नाही. बोललो."

ती खल खाली ठेवून बघत राहिली. हम्फ्री भिंतीला टेकला.

"गुत्त्यात एक माणूस भेटला. कालवं खाऊ घातली, दारू पाजली. नाटकघराच्या गमती सांग म्हणाला. मी काय, मी सांगतच सुटलो. बोलता बोलता म्हणालो, आमच्याकडे नुसते रंगवलेले नाहीत बरं का, एक खरी काळी बाईपण आहे, पूर्वी कॅप्टन बार्लोकडे होती."

"हम्फ्री!"

"मला काय ठाऊक, तो कॅप्टनच्या बायकोचा गुमास्ता निघेल म्हणून! क्रेन नाव त्याचं. कॅप्टन मेला. बाईंनी घर आवरायला काढलं, तेव्हा त्यांना आठवलं की आपली एक गुलाम पोर हरवलीय. हा शुक्रवारच्या भरतीला जहाजाने बेटावर निघालाय. तुला घेऊन जाणार म्हणतो. उसाच्या मळ्यात."

उसाच्या मळ्यातून परत आलेलं माणूस डॉर्कसने कधी पाहिलं नव्हतं, कुणी पाहिल्याचं ऐकलंही नव्हतं.

"कुठे आहे तो?"

"रंगमंचावरच, कडेला बड्या लोकांसाठी खुर्च्या मांडतात तिथे बसलाय. दोन्ही दारांना त्याचे खलाशी आहेत. त्यांनी वरपासून खालपर्यंत घर धुंडाळायला घेतलंय, इथेही येतील आता. हा म्हणतो, खेळ तर बघून घेतो, मग बाईला नेतो."

"मालक काय म्हणाले?"

"मालक म्हणाले, जे काय करायचं ते खेळ संपल्यावर करा, प्रेक्षक बिथरतात."

 डॉर्कसने विचारलं, "त्याने मला पाहिलंय कधी?"

"नाही. काळी बाई, उंच. एवढंच ठाऊक त्याला."

कोपऱ्यात पोत्याच्या कापडाचे सहा झगे घड्या करून ठेवले होते. सहा गुलामांपैकी एक तापाने घरी पडला होता. डॉर्कसचं लक्ष तिकडे गेलं, आणि हम्फ्रीचंही.

"ते माझ्याही मनात आलं होतं," तो पडलेल्या आवाजात म्हणाला. "पण तो बेरकी आहे गं. दारात मला हसत हसत म्हणाला, लपली तर लपू दे त्या सोंगाड्यांत. खेळ संपला की मी घंगाळापाशी उभा राहीन. धुतल्यावर जी उजळणार नाही ती माझी."

डॉर्कस उठली. तिने कालवलेलं बूच, सगळंच्या सगळं, गटारात ओतलं. हम्फ्री बघतच राहिला. मग ती अंगण ओलांडून देखावे रंगवणाऱ्याच्या खोलीत गेली, तिथून दिव्याच्या काजळीचं मडकं उचललं आणि जवसाच्या तेलाची बरणी. ज्या रंगाने तो वादळाचे ढग रंगवायचा, तो रंग. पडद्यावर एकदा बसला की पावसानेही जात नसे.

"अगं बाई," हम्फ्री म्हणाला. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

राजपुत्राचं काम करायचा अ‍ॅम्ब्रोज हेल. नॉरिचच्या हातमोजेवाल्याचा मुलगा, पण आवाज असा की माडीवरच्या शेवटच्या माणसालाही वाटावं, हा आपल्याच कानात बोलतोय. नाटकघरात सगळे त्याला 'राजे' म्हणत, निम्मे कौतुकाने आणि निम्मे चिडवून. तो मात्र दोन्ही कौतुकच समजायचा.

"आज चिकट लागतंय गं," तो आरशासमोर बसून म्हणाला.

"थंडी फार आहे, राजे. बूच घट्ट झालंय."

"पाणी चांगलं गरम ठेव. संध्याकाळी एका लेडीसाहेबांकडे जेवायला जायचंय. त्यांना माझा चेहरा बघायचाय म्हणे, रंगाखालचा."

"ठेवते," डॉर्कस म्हणाली आणि त्याच्या कानामागे, मानेवर, भुवयांच्या मुळाशी काजळ नीट चोळलं. कामात कसूर तिने कधी केली नव्हती.

मग तिने पाच गुलामांना रंगवलं आणि शेवटी स्वतःला. तिला रंगवायची गरज होती, हे एक सांगायला हवं. पूर्वी एकदा असाच एक गडी कमी पडला तेव्हा कुणीतरी तिचं नाव सुचवलं होतं. मालकांनी तिला मेणबत्त्यांच्या उजेडात उभं करून नीट पाहिलं आणि मान हलवली. "तू नको. त्यांच्या शेजारी तू खरी वाटत नाहीस." ती होती गव्हाच्या काळपट पावाच्या रंगाची, आणि रंगवलेले गोरे कोळशासारखे. आज तिनेही काजळ फासलं, केस फडक्यात बांधले, झगा चढवला, पायात साखळी अडकवली. आता सहाही एकसारखे दिसत होते.

रंगमंचावर ती पहिल्यांदाच उभी राहिली. क्रेन तिच्यापासून दोन हातांवर खुर्चीत होता. चाळिशीचा, नीटनेटका, गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला माणूस. तो गुलामांच्या चेहऱ्यांवरून सावकाश नजर फिरवत होता. डॉर्कसने साखळी वाजवली, कारण इतर वाजवत होते.

भाषण सुरू झालं. अ‍ॅम्ब्रोजने छाती पुढे काढली. देह विकत घेता येतो, मान घेता येत नाही. प्रेक्षकांत रुमाल निघाले. डॉर्कसने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं तर क्रेन रडत होता. उगीच रडल्यासारखं करत नव्हता, खरंच रडत होता. नाक लाल झालं होतं त्याचं. तिला जितकी भीती वाटली तितकीच चीडही आली. या माणसाला दया येत होती, आणि ती दया तिच्या कणभरही उपयोगाची नव्हती.

राजपुत्र मेला, टाळ्या झाल्या, आणि क्रेन डोळे पुसून घंगाळापाशी जाऊन उभा राहिला.

पहिला गडी वाकला, दोन ओंजळी पाणी मारलं, तोंड वर केलं. काळं. साबण लावला. काळंच. दुसऱ्याने त्याला ढकललं, तिसऱ्याने फडकं घेतलं. घंगाळातलं पाणी स्वच्छ राहिलं आणि माणसं काळीच राहिली.

"हे काय झालं? जातच नाही की!"

"अरे, बायको घरात घेणार नाही मला!"

"डॉर्कस कुठाय? डॉर्कसला बोलवा!"

डॉर्कसही त्यांच्यात उभी राहून तोंड चोळत होती. क्रेन एकेकाचा हात धरून उजेडात नेत होता, सोडत होता, पुन्हा धरत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू मूर्खासारखा होत चालला होता. अ‍ॅम्ब्रोजने एकदा आरशात पाहिलं आणि शिव्यांचा पट्टा सोडला. "लेडीसाहेबांच्या दारात मी असा जाऊ?" तो ओरडला. मग अंगावर झगा ओढून तो मागच्या दाराने तरातरा बाहेर पडला. कुण्या न्हाव्याकडे जायचं त्याच्या डोक्यात होतं म्हणे.

मागच्या दारात दोन खलाशी होते. क्रेनने त्यांना सांगितलं होतं की काळं माणूस बाहेर आलं की धरायचं. बाई की पुरुष ते सांगायचं राहिलं होतं. आणि खलाशी दुपारपासून गारठ्यात उभे होते, दारूच्या आधाराने.

"सापडलं!" अशी आरोळी आली. क्रेन तिकडे धावला. तोवर घाटावरून राजपुत्राला घेऊन होडी सुटलीसुद्धा होती, आणि तो दुसऱ्या होडीसाठी नावाड्यांना हाका मारत राहिला. मग ओहोटी लागली आणि त्या रात्री जहाजापर्यंत जायची सोय उरली नाही.

डॉर्कस पळाली नाही. धुण्याची खोली आणि तिच्यावरचा ओले कपडे वाळवायचा माळा खलाशांनी दुपारीच उलटापालटा केला होता. आता तिथे पुन्हा कोण बघणार? ती शिडी चढून चादरींच्या मागे जाऊन बसली. हम्फ्री तिला पाव आणि चीज आणून देई. त्याने सगळ्यांना सांगून टाकलं की रंगाऱ्याचं मडकं चुकून बदललं गेलं. रंगारी उगाचच शिव्या खात होता.

बुधवारी दुपारी शिडी करकरली. हम्फ्रीची पावलं नव्हती. चादर बाजूला झाली आणि अ‍ॅम्ब्रोज हेल समोर उभा राहिला. काळा, विस्कटलेला. मनगटांवर दोराचे वळ होते. त्यावरचा रंग सोलून निघाला होता आणि खालची गोरी कातडी लाल झाली होती.

"काढ," तो म्हणाला.

एवढाच शब्द. डॉर्कसने खाली जाऊन लोणी आणलं, कोंडा आणला, त्याला उलट्या टोपलीवर बसवलं. लोणी चोळायचं, मुरू द्यायचं, कोंड्याने घासायचं, पुसायचं. कातडी सोलवटून निघते, पण दुसरा उपाय नव्हता. तो हूं की चूं करत नव्हता. अर्धं कपाळ निघाल्यावर त्याने विचारलं,

"तूच केलंस ना हे?"

"हो, राजे."

"मला त्यांनी जहाजाच्या तळाशी टाकलं. मी नाव सांगितलं, अ‍ॅम्ब्रोज हेल. म्हणाले, हे नाव चांगलं नाही, तुझं नाव पाँपी. मी म्हटलं मी इंग्रज आहे, नॉरिचचा. हसायला लागले. म्हणाले, काय छान बोलतो बघा, कुठे शिकला कोण जाणे." तो थांबला. "मग मी ते भाषण म्हटलं."

"कुठलं भाषण?"

"तेच गं. आपलं." त्याने डोळे मिटले. "दोन ओळी झाल्या असतील. एकाने लाथ घातली. पुढच्या ओळी मला आठवल्याच नाहीत. शेकडो वेळा म्हटलंय मी ते."

डॉर्कस घासत राहिली.

"सकाळी क्रेन आला. चूक कळली, सोडलं मला. माफीबिफी काही नाही. उलट म्हणाला, ती बाई कुठाय ते सांग. उद्याच्या खेळानंतर सांग, मला परवा निघायचंय. नाही सांगितलंस, तर लंडनच्या एकूण एक कॉफीखान्यात मी आणि माझे खलाशी सांगत फिरू, की तुमचा राजपुत्र जहाजाच्या तळाशी कसा वागला."

"कसा वागलात?"

 तो ओठ फारसे न हलवता बोलला. "रडलो. म्हटलं, मी नाही, दुसरं कुणीही घ्या. तो दिवा घेऊन निघाला, तेव्हा अंधाराची इतकी भीती वाटली की त्याच्या कोटाची कड मी दातांत धरली. कुत्र्यासारखी. त्याने ओढली तरी सोडेना. आता हे सगळं गाव ऐकणार आणि उद्यापासून मी दिसलो की लोक भुंकणार."

डॉर्कसचा हात थांबला.

"हात बांधलेले असले की दातच उरतात," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. "तुला काय ठाऊक?"

"माझ्या आईचे बांधलेले होते. किनाऱ्यावर. मला वेगळ्या होडीत घातलं तेव्हा तिने खलाशाच्या विजारीची कड दातांत धरली. तो तिला ओढत नेत होता, पण ती सोडत नव्हती." तिने कोंड्याची मूठ पुन्हा भरली. "म्हणून मला तुमचं नाटक आवडत नाही, राजे. तिथे कुणीच तुमच्या त्या राजपुत्रासारखं नव्हतं. माझी आई तर मुळीच नव्हती. तुमचे लोक तिला पाहून रडले नसते."

एरवी कुणी अ‍ॅम्ब्रोजचं नाटक नावडतं म्हटलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आज त्याने दुसरा गाल पुढे केला. चेहरा बराचसा निघाला, कानामागे आणि नाकाच्या कडांना काळं राहिलं. तो उठला, शिडीपाशी गेला.

"राजे," ती म्हणाली. तिला विचारायचं होतं, सांगणार आहात का. विचारून काय उपयोग, असंही वाटलं. "उद्या बूच लावीन," ती म्हणाली. "साधं."

तो उतरून गेला. त्या रात्री डॉर्कसने पळून जायचा विचार केला आणि सोडून दिला, कारण दोन्ही दारांना अजून खलाशी होते.

गुरुवारी खरं तर लग्नाचं विनोदी नाटक लागायचं होतं, पण पाच नट अजून काळेच होते आणि लग्नात एवढे काळे पाहुणे चालले नसते. मालकांनी पुन्हा राजपुत्रच लावला. रंग आयताच चढलेला आहे म्हणून ते खूशही होते. क्रेन लवकर येऊन खुर्चीत बसला. डॉर्कसने माळ्यावर बोलावून अ‍ॅम्ब्रोजला बूच फासलं.  नंतर तिने चादरींमागे लपून राहायला हवं होतं, पण ती राहिली नाही. पोत्याचा झगा घातला, स्वतःलाही बूच फासलं आणि साखळीत जाऊन उभी राहिली. आपला निकाल लागणार असेल तर तो तिला कानांनी ऐकायचा होता.

बाजाराचा प्रवेश आला. व्यापाऱ्याने म्हटलं, "गुडघे टेक!"

प्रेक्षक सरसावून बसले. रुमाल तयार झाले.

अ‍ॅम्ब्रोजने गुडघे टेकले.

माडीवर कुणीतरी खुदकन हसलं. व्यापाऱ्याचं काम करणारा नट गोंधळला, त्याला पुढचं वाक्य सुचेना. तो बाजूला सरकला, तसा राजपुत्र बांधलेल्या हातांनी गुडघ्यांवर त्याच्या मागे गेला. "नको," तो म्हणाला. "मला नको. दुसरं कुणीही घ्या. मला अंधारात टाकू नका." तो सुप्रसिद्ध आवाज नव्हताच. बारीक, फाटका, नॉरिचच्या गल्लीतला आवाज होता. आणि मग त्याने पुढे वाकून व्यापाऱ्याच्या कोटाची कड दातांत धरली.

नाटकघर हसून हसून कोसळलं. व्यापारी कोट ओढत होता, राजपुत्र फरपटत होता, पण सोडत नव्हता. संत्र्याच्या साली आल्या. कुणीतरी भुंकलं, मग बरेच भुंकले. "पैसे परत द्या," असं कुणी ओरडलं. "हा कसला राजपुत्र!" एका बाईने रुमाल परत पिशवीत ठेवला.

क्रेन हसत नव्हता. कॉफीखान्यात जे सांगायची धमकी त्याने दिली होती ते आता अख्ख्या नाटकघराने फुकटात पाहिलं होतं. त्याच्याकडे विकायला काही उरलं नव्हतं. त्याने टोपी डोक्यावर चढवली, रंगमंचावरून उतरला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. सकाळच्या भरतीला त्याचं जहाज सुटलं.

डॉर्कसने ते पाहिलं की नाही कुणास ठाऊक. ती साखळीत उभी होती आणि रडत होती, इतकी की काळं ओघळून झग्यावर आलं. शेजारचा गडी कोपराने डिवचून म्हणाला, "अगं, हस की! सगळे हसतायत!"

अ‍ॅम्ब्रोज आत आला तेव्हा त्याच्या केसांत साली अडकल्या होत्या. मालक तिकडून ओरडत येत होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही, तो डॉर्कससमोर येऊन उभा राहिला.

"हसले ते," तो म्हणाला.

"हो."

"तुला कसं वाटलं?"

"तशीच होती ती," डॉर्कस म्हणाली. "अगदी तशीच."

त्यानंतर राजपुत्राचं काम मालकांनी दुसऱ्या नटाला दिलं. तो मान ताठ ठेवायचा, भाषण खणखणीत म्हणायचा, आणि रुमाल पुन्हा निघू लागले. अ‍ॅम्ब्रोजकडे म्हातारे बाप आणि विनोदी नोकर आले. पुढे कित्येक वर्षं रस्त्यात पोरं त्याच्या मागे भुंकायची. लेडीसाहेबांचं बोलावणं पुन्हा आलं नाही. यातलं त्याला काहीच आवडलं नाही आणि तो तसं बोलूनही दाखवायचा, विशेषतः प्यायल्यावर. पण भुंकायला कारण काय झालं ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

डॉर्कस म्हातारी होईपर्यंत त्याच नाटकघरात राहिली. तिच्या हाताखालून गेलेल्या कपड्यात एक टाका उसवलेला सापडायचा नाही, असं तिचं नाव होतं. फक्त व्यापाऱ्याच्या त्या कोटाची कड तिने कधी शिवली नाही. नवा नट आला की तक्रार करायचा, इथे फाटलंय, दातांच्या खुणा आहेत, उंदराने कुरतडलंय वाटतं. डॉर्कस म्हणायची, राहू दे, प्रेक्षकांना दिसत नाही.